घेवड्याच्या सहा कुंड्या

२ फेब्रुवारी, रविवार

खर्र — खर्र — मग पाण्याचा शिंतोडा, आणि पुन्हा खर्र. वडील पहाटे मागच्या पायरीवर बसून खुरप्याला धार लावायचे, तो आवाज. आज अर्धवट झोपेत अगदी कानाशी आला. साठ वर्षं तरी झाली असतील. त्या तालावर मी अंथरुणातच शाळेतल्या कविता म्हणायचो. शेजारी धाकटा भाऊ. त्याची गाडी दुसऱ्या कडव्यापाशी अडायची ती अडायचीच. शाळेत चार इयत्ता एका खोलीत. गुरुजींनी उभं केलं की हा मान वळवून माझ्याकडे बघायचा आणि मी नुसते ओठ हलवून त्याला पुढची ओळ द्यायचो.

उठून बघितलं तर सूनबाई करपलेलं पातेलं घासत होती.

आजच्या अंकात माझं सदर आलंय. सव्वीस वर्षं दर रविवारी येतंय, तरी अजून आधी तेच पान उघडतो. तण फुलावर येण्याआधी काढा, एकदा बी सांडलं की पुढची सात वर्षं वाकत राहाल. माती मुठीत दाबून बघा, ढेकूळ टिचकीनं फुटलं तरच वाफ्यात पाय घाला. हे सगळं छापलंय. 'ओल्या मातीचा उसासा' मात्र कापलाय. नवा संपादक फोनवर म्हणतो, "सर, उसासा कशाला? जागा कमी असते."

उसाशाला किती जागा लागते!

एक गोष्ट मात्र आयुष्यात पहिल्यांदा केली. नाव घेऊन शिफारस. नाक्यावरच्या गोठेवाल्याचं शेणखत. परवा बघायला गेलो होतो, ओंजळीत घेतलं — काळंभोर, भुसभुशीत, बोटांतून पिठासारखं गळणारं. दुर्गंधीचं नाव नाही. राहवलं नाही. लिहून टाकलं की, या हंगामात खत घालायचं तर हेच घाला.

५ फेब्रुवारी

खत आलं. चार वाफ्यांत पसरलं, खालीवर केलं. पाचवा वाफा — धाकट्याच्या बांधाला लागून आहे तो — कोरडाच राहिला. खत संपलं आणि गुडघेही.

१६ फेब्रुवारी, रविवार

टोमॅटोची रोपं लावली, पाचही वाफ्यांत. सूनबाई कामावर निघता निघता म्हणाली, "बाबा, एवढे टोमॅटो खाणार कोण?" खाण्यासाठी कोण लावतं? ही होती तेव्हा मोजून लावायचो, कारण वाटायला तीच जायची. आता मोजत नाही. लावत जातो.

बांधापलीकडे धाकटा दिसला. पाठीवर पंप. चालताना डावा खांदा पडतो त्याचा. चांगलाच म्हातारा झालाय. बघून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, इथं कोण वाचतंय.

२ मार्च, रविवार

धाकट्यानं आज त्याच्या पडीक तुकड्यावर तणनाशक मारलं. सकाळी सहाला मी दात घासत होतो तेव्हा पंपाचा सूं-सूं सुरू होता. खुरपं धरायला नको, पाठ वाकवायला नको. मारलं की झालं. तोच त्याचा धंदा. आसपासच्या सगळ्या शेतांवर फवारणी करून देतो, परवाना आहे, लोक त्याला बोलावतात. मला नुसतं वाचतात.

अकरा वर्षं झाली आमचं बोलणं बंद होऊन. ही जागा एकच होती. मी म्हणत होतो, तोडू नका, पिकांची फेरपालट कशी करायची त्याचा आराखडा करतो, दोघं मिळून करू. चार रंगांच्या पेन्सिली वापरून आराखडा केला होता. मोजणीवाला फीत धरून उभा, शेजारीपाजारी जमलेले, आणि धाकटा तो कागद हातात घेऊन म्हणाला, "आमचा दादा कागदावर शेती करतो. कागदाला तण येत नाही."

सगळे हसले. मोजणीवाला तर फीत सोडून हसला.

वाक्य चांगलं होतं, हेच खरं दुखणं. ज्याला दुसरं कडवं कधी आलं नाही, त्याला ते सुचलं कुठून?

त्याच दिवशी बांध पडला. त्याचं दार मागच्या गल्लीत गेलं, माझं पुढे राहिलं. अकरा वर्षांत एकदाही तो गल्ली वळून इकडे आला नाही. मीही गेलो नाही.

९ मार्च, रविवार

टोमॅटो गेले.

शेंड्याची पानं वळलीत. करपा नाही, किडा नाही, डाग नाही. पानं सुरळी करून आत वळलेली, नवी पालवी चिंचोळी, दोऱ्यासारखी. देठ पिळा दिल्यासारखे. सव्वीस वर्षं लोक मला टपालानं रोगट पानं पाठवतात, हे मी दहा वेळा तरी पाहिलंय. तणनाशक. दुसरं काही असूच शकत नाही.

कारण शोधायला कुठं जावं लागलं नाही. कारण बांधापलीकडे राहतं.

१० मार्च

कृषी कार्यालयात जाऊन लेखी तक्रार दिली. अडीच पानं. खिडकीतला कारकून म्हणाला, "आजोबा, थोडक्यात लिहिता आलं नसतं का?" सगळ्यांनाच थोडक्यात हवंय.

१६ मार्च, रविवार

सदर छापून आलं. 'फवारणी आणि शेजार'. एक शब्द कापला नाही संपादकानं! म्हणाला, "सर, हे झणझणीत झालंय." तण मारताना दुसऱ्याचं पीक मारणाऱ्या, वाऱ्याची दिशा न बघणाऱ्या, खुरप्याची लाज वाटणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं. नाव घेतलं नाही. गरजच नव्हती, या भागात पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस एकच आहे.

तीन वाचकांचे फोन आले. तिघांनीही आवाज खाली करून विचारलं, "म्हणजे तोच ना?"

मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

१९ मार्च

कृषी अधिकारी येऊन गेली. पोरगी आहे, सूनबाईपेक्षाही लहान. बूट काढून वाफ्यात उतरली, हे आवडलं. बाकी काही आवडलं नाही.

पाचही वाफे बघितले आणि म्हणते, "काका, औषध वाऱ्यानं आलं असतं तर आधी बांधाजवळचा वाफा गेला असता ना? तोच तर सगळ्यांत चांगला दिसतोय."

मी म्हटलं, "वारा इथं भिंतीवर आपटून गिरकी घेतो."

"गिरकी," असं म्हणत तिनं वहीत लिहून घेतलं. तिनं थट्टा केली की नाही ते कळलं नाही.

मग तिनं धाकट्याला बांधाशी बोलावलं. आला. तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "सकाळी सहाला मारलं मॅडम. पान हलत नव्हतं तेव्हा." माझ्याकडे नजर टाकली नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत परवाना जमा करा, असं तिनं सांगितलं, तर त्यानं तो खिशातूनच काढून दिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. म्हणजे कल्पना होती त्याला.

वाद घालायला हवा होता त्यानं. मी तयार होतो.

२३ मार्च, रविवार

सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, तिथं सगळ्या गावाच्या बातम्या येतात. जेवताना म्हणाली, "धाकट्या काकांना कुणी कामाला बोलवत नाहीये म्हणे. बाहेरून दुसरा माणूस आणला लोकांनी."

मी भाजी वाढून घेतली.

"परवाना गेला म्हणून नाही," ती म्हणाली, "तुमचा लेख वाचून."

दुसऱ्यांदा वाढून घेतली.

२५ मार्च

दुपारी पाचव्या वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसलो. रोपं कमरेला आलीत. पानं पसरलेली, रुंद, हिरवीगार, फुलंही धरलीत. बांध इथून दोन हात. आणि लांबचा पहिला वाफा, घराच्या भिंतीला टेकलेला, तो पार मुरगाळून गेलाय.

नवशिक्यांना मी सव्वीस वर्षं एकच सांगत आलोय: रोग बघण्याआधी रांग बघा. कुठलं रोप आधी आजारी पडलं, कुठलं नंतर, कुठलं पडलंच नाही. माझ्या सदराच्या पहिल्या लेखातलं वाक्य आहे. ते वाक्य मला त्या पोरीच्या तोंडून, वेगळ्या शब्दांत, ऐकावं लागलं. आणि मी वाऱ्याला गिरकी घ्यायला लावली.

सूनबाई चहा घेऊन आली. किती वेळ मागे उभी होती कोण जाणे. "त्या चार वाफ्यांत काय आहे, जे याच्यात नाही?" म्हणाली.

उत्तर मला माहीत होतं. कपाकडे हात केला.

"आमच्याकडे सगळ्यांचे रिपोर्ट एकाच दिवशी बिघडले ना बाबा, तर आम्ही आधी आमची रसायनाची बाटली तपासतो. माणसं नंतर."

२६ मार्च

सहा कुंड्या. पहिल्या तीन कुंड्यांत पाचव्या वाफ्याची माती नुसती. पुढच्या तीन कुंड्यांत तीच माती आणि रिकाम्या पोत्यांतून झटकून काढलेलं गोठ्याचं खत. सहाही कुंड्यांत घेवड्याचं बी. घेवडा फार नाजूक असतो, मातीत तणनाशक असेल तर लगेच बोलतो. सूनबाईनं कुंड्यांवर चिकटपट्टी लावून आकडे घातले.

२ एप्रिल

सगळ्या उगवल्या. सहाच्या सहा, खतवाल्यासुद्धा. ताठ.

सकाळपासून जुन्या कविता गुणगुणतोय. सूनबाई म्हणाली, "आज स्वारी खुशीत आहे." म्हटलं, खुशीत नाही, मी बरोबर आहे.

८ एप्रिल

तीन पानांची पहिली जुडी फुटतेय. चौथ्या कुंडीतली जरा मंद वाटते. ऊन कमी मिळालं असेल. कुंडी सरकवली.

११ एप्रिल

चौथी, पाचवी, सहावी. तिन्ही. पानं पेल्यासारखी वळलेली, शेंडा पिळलेला. पहिली, दुसरी, तिसरी — हाताच्या पंज्यासारखी उघडी.

यापुढे लिहायला काय आहे?

१२ एप्रिल

गोठेवाल्याकडे गेलो. दूध काढत होता, उठला नाही. म्हटलं, गाईंना वैरण कुठली घातलीस यंदा?

"विकत घेतलं गवत. का हो? काय गवत होतं सांगू, रुंद पानाचं तण नावाला नाही! नुसतं गवत. निवडायचं कामच पडलं नाही."

रुंद पानाचं एक तण नाही, म्हणजे कुरणावर तणनाशक मारलेलं. ते गवताला काही करत नाही, रुंद पानांना मारतं. गवत गाईनं खाल्लं, तिला काही झालं नाही, आणि औषध शेणातून जसंच्या तसं खाली उतरलं. वर्षभर कुजवलं तरी राहतं. आणि टोमॅटो, घेवडा, मिरची, वांगी सगळी रुंद पानांची. हे मला माहीत होतं! सात-आठ वर्षांपूर्वी वाचलं होतं, कात्रणही फायलीत असेल. खत घेण्याआधी वैरण विचारायची — एवढा एक प्रश्न. खत ओंजळीत घेतलं, रंग बघितला, वास घेतला, मनात ओळी जुळवल्या. प्रश्न विचारला नाही.

गोठेवाल्याला सांगितलं. तो गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मी काय कालवलं त्यात? हिनं जे खाल्लं तेच पडलं. आणि घ्या म्हणून पेपरात तुम्ही लिहिलंत साहेब, मी नाही."

त्या रविवारनंतर सगळं खत आठ दिवसांत उठलं म्हणे त्याचं. रोज कोणी ना कोणी गाडी घेऊन येत होतं.

१३ एप्रिल, रविवार

खुलासा लिहिला. बारा ओळी. एकही विशेषण नाही, संपादकाला कात्री लावायला जागाच ठेवली नाही. खत घातलं असेल त्या वाफ्यात यंदा टोमॅटो, मिरची, घेवडा लावू नका. मका लावा. माती पुन्हा पुन्हा खालीवर करा, पाणी द्या, एक-दोन हंगाम जाऊ द्या. पुढचं पीक लावण्याआधी कुंडीत घेवडा पेरून बघा. शेवटची ओळ: 'माझ्या पिकाचं नुकसान शेजाऱ्याच्या फवारणीनं झालं नव्हतं.'

त्या ओळीला दीड तास लागला. ती लिहिली की धाकट्याचं वाक्य खरं ठरतं, गावासमोर, माझ्याच अक्षरात. कागदाला तण येत नाही. कागदाला खतही बाधत नाही.

१५ एप्रिल

संपादकाला फोन केला, वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सर, हे छापून कुणाचं भलं होणार? गोठेवाल्याची जाहिरात असते आपल्याकडे दर आठवड्याला. आणि सदराची पण इज्जत जाते. लोक आठवड्यात विसरतात हो. तुम्ही उन्हाळ्यातल्या आच्छादनावर द्या ना काही तरी. आणि थोडं काव्यमय करा, मी कापणार नाही."

लाच द्यायची कशी, हे त्याला बरोबर कळलंय.

फोन ठेवला आणि हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती. हलकं वाटलं.

१६ एप्रिल

सूनबाई: "दिलंत?"

मी: "संपादक नाही म्हणतो."

सूनबाई: "अधिकारी बाईंना तर सांगता येईल. तिथं संपादक नाहीये."

मी: "चौकशी चालू आहे. तिचं तिला कळेल."

ती कपडे वाळत घालत होती. माझा सदरा झटकून दोरीवर टाकला आणि म्हणाली, "बाबा, काकांच्या घरी काल मी नमुना घ्यायला गेले होते. काकूंचं रक्त. काका घरात बसलेत. बसून असलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही."

मी चिमटे पुढे करत राहिलो. कपडे संपले.

१७ एप्रिल

चौथी, पाचवी, सहावी कुंडी मागच्या पायरीवरून उचलून न्हाणीघराच्या मागे ठेवली. तिथं त्या बांधावरून दिसत नाहीत.

२० एप्रिल, रविवार

'उन्हाचा रुमाल'. आच्छादनावरचा लेख. पालापाचोळ्याचा थर चार बोटं, देठाला चिकटू देऊ नका, ओल टिकते, तण दबतं. सल्ला सगळा बरोबर आहे. शीर्षक माझंच, कापलं नाही. 'तहानलेली धरती' नाही कापलं. 'मातीचा उसासा' घुसवला, तोसुद्धा ठेवला.

तीनदा वाचला. त्याच जागी बारा ओळी असायला हव्या होत्या.

एका वाचकाचं पत्र आलंय, लांबच्या वाडीतून. मिरची वळतेय, शेजाऱ्यानं फवारलंय, तुमचा लेख वाचून तक्रार केली आहे, आभारी आहे.

२१ एप्रिल

त्या पत्राला उत्तर लिहायला तीनदा बसलो.

२२ एप्रिल

सकाळी दार वाजलं. सूनबाई कामावर गेलेली, मीच उघडलं. धाकटा. गल्ली वळून, पुढच्या दारानं. हातात मिरचीचं रोप, मुळांची माती वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पानं वळलेली.

"दादा," म्हणाला. अकरा वर्षांनी. "दारातल्या पिंपांत लावली होती. तू लिहिलंस म्हणून गोठ्यातलं खत आणलं. दर रविवारी तुझंच वाचून करतो मी. पिंपाजवळ मी पंप कधी नेत नाही, आणि आता तर महिना झाला, तो खुंटीलाच आहे. मग हे कशानं झालं? मला काही कळत नाही. तू बघ."

त्याला बाहेरच्या खोलीत बसवलंय. चष्मा आणतो म्हणून आत आलोय आणि हे लिहितोय. चष्मा डोळ्यांवरच आहे.

भांडायला आला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.